आमच्या लेकरांसाठी एक रकाना वाढवा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद : छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली, नांदेड

विषय : घरी शिकणाऱ्या लेकरांची वेगळी नोंद आणि नियमित तपासणी होण्याबाबत.

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी तेरणा नदीकाठच्या एका गावची. गावापासून दोन किलोमीटरवर, वावरातच आमचं घर आहे. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि चार लेकरं. मोठी मुलगी १२ वर्षांची, सातवीचा अभ्यास करते. तिच्या पाठचा मुलगा १० वर्षांचा, पाचवीचा. तिसरी मुलगी ७ वर्षांची, दुसरीची. शेंडेफळ चार वर्षांचं, ते अजून चिंचोके मोजतं. चौघंही घरीच शिकतात. मीच शिकवते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला शाळाबाह्य मुलांची नोंद घ्यायला एक सर आमच्याकडे आले. ओढ्याच्या अलीकडं गाडी लावून उन्हात चालत आले होते. पाणी झालं, चहा झाला. ओसरीवर मोठी कंपासनं त्रिकोण काढत होती, मुलगा मोठ्यानं वाचत होता. सरांनी मुलाला दुसरा उतारा वाचायला लावला, मोठीला पूर्णांकांचं एक उदाहरण घातलं. दोघांनीही बरोबर केलं. सरांनी त्यांची पाठ थोपटली आणि फॉर्म भरायला घेतला. शाळेत दाखल? नाही. म्हणजे शाळाबाह्य. कारण? इथं त्यांचा पेन थांबला. 'घरी शिकतात' असं लिहायला कुठं जागाच नव्हती. थोडा वेळ विचार करून त्यांनी मोठीच्या नावापुढं लिहिलं : लहान भावंडांना सांभाळणे.

त्या सरांबद्दल माझ्या मनात काही नाही. दिवस मावळायच्या आत त्यांना अजून दोन वस्त्या करायच्या होत्या. जाताना म्हणाले, "ताई, नाइलाज आहे बघा. कागदावर काहीतरी टाकावंच लागतंय." मोठी माझ्या मागंच उभी होती. तिनं ते वाचलं. रात्री मी भाकरी थापत होते, तेव्हा चुलीजवळ बसून तिनं विचारलं, "आई, मी भावंडं सांभाळती का गं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही ते पुढं सांगते, कारण हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

आधी लेकरं घरी का आहेत ते. शाळेवर माझा राग नाही. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, पुढं डी.एड. केलं. भरतीची वाट बघता बघता लग्न झालं, लेकरं झाली. दोन शिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग दोघांनी कसे ओढायचे असतात, त्यातले एक गुरुजी बैठकीला नाहीतर माहिती भरायला गेले की उरलेल्या एकाचं काय होतं, हे मला माहीत आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मोठी पहिलीत होती. तिला ओसरीवर शिकवता शिकवता आपल्याला हे जमतंय, असं पहिल्यांदा वाटलं. पण शाळा उघडल्यावर तिला मी पुन्हा पाठवलं, मागोमाग मुलालाही पाठवलं.

मुलाचं मात्र बसेना. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढं जागा बदलायची. 'कमळ' लिहायला सांगितलं की 'कळम' लिहायचा. गुरुजींना एकेकाकडं बघायला वेळ नव्हता, आणि बरोबरीच्या पोरांनी 'मठ्ठ' हा शब्द त्याला चिकटवून टाकला. शाळेच्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखायचं. रविवारी कधीच दुखलं नाही. २०२३ च्या दिवाळीनंतर 'महिनाभर राहू दे' म्हणून मी त्याला घरी ठेवलं. पुस्तक बाजूला ठेवलं. परातीत ज्वारीचं पीठ पसरून त्यात बोटानं अक्षर काढायचं, तोंडानं म्हणायचं, मोडायचं, पुन्हा काढायचं. दिवसाला दोनच अक्षरं. संक्रांतीच्या सुमारास आम्ही बाजाराला गेलो तर तो खताच्या दुकानाची पाटी एका दमात वाचून माझ्याकडं बघायला लागला. तो महिना अजून संपलेला नाही.

मोठीचं वेगळं आहे. गावातली शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून पुढच्या गावाला जायचं, सहा किलोमीटर. सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असं शिक्षण हक्काच्या नियमांत आहे. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण तिच्या वेळेला गाडी नव्हती. पाचवीचं वर्षभर वडिलांनी मोटरसायकलवर ने-आण केली. ओढा आला की चार-चार दिवस खाडा. वर्ष संपल्यावर तीच म्हणाली, मी पण दादाबरोबर घरी शिकते. (पाठचा भाऊ असला तरी ती त्याला दादाच म्हणते.) जून २०२४ पासून ती घरी आहे. तिसऱ्या लेकीचं नाव शाळेत कधी घातलंच नाही.

आमची शाळा सकाळी सातला भरते. धारा, सडा-सारवण उरकून मी येते तोवर सतरंजी टाकलेली असते. डी.एड.ला बहुवर्ग अध्यापन नावाचा भाग होता, तेव्हा तो परीक्षेपुरता पाठ केला होता. आता रोज सकाळी त्याचीच परीक्षा असते. एकाला शिकवताना बाकीच्यांच्या हातात असं काम हवं, की त्यांना मला हाक मारावी लागू नये. त्यामुळं खरी तयारी आदल्या रात्री होते. दुसरीची लेक नुकती वाचायला लागली आहे, तिच्या बोटाबरोबर माझं बोट फिरावं लागतं, म्हणून पहिली वीस मिनिटं तिची. तेवढ्यात मोठी विज्ञानाचा धडा स्वतः वाचून प्रश्न काढून ठेवते, मुलगा कालच्या शब्दांची वाक्यं करतो. मग लेक पाटीवर उतारा काढते आणि मी मुलाकडं वळते. मोठीची पाळी शेवटी, कारण तिला अर्धा-पाऊण तास सलग लागतो. धाकटा दर पाच मिनिटांनी काहीतरी दाखवायला येतो. त्याला "थांब" म्हणून भागत नाही. जवळ घेऊन बसवलं, हातात खडू दिला की तो आपोआप शांत होतो. हे कळायला मला सहा महिने गेले.

पुस्तकं बालभारतीचीच. पीडीएफ मोबाइलवर फुकट मिळते, पण लेकराच्या हातात छापील पुस्तक लागतंच. चार लेकरांच्या घरात पुस्तक वरून खाली उतरत जातं. मोठी पाचवीत असताना, २०२३ साली, पुस्तकांतच लिहायला कोरी पानं घालून चार भाग केलेली पुस्तकं आली होती. तिनं ती पानं सुंदर अक्षरात भरून काढली. आता यंदा तीच पुस्तकं मुलाच्या हातात आहेत. तो बहिणीची उत्तरं हातानं झाकून आपली उत्तरं वहीत लिहितो.

गणितात आम्हाला घरातल्या माणसांची फार मदत होते. दुसरीची लेक 'तेवीस' ऐकलं की ३२ लिहायची. चूक तिची नाही, मराठीत एकं आधी बोललं जातं आणि लिहिताना ते मागं जातं. २०१९ साली दुसरीच्या गणितात 'वीस तीन' अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. मी ती लेकीवर वापरून पाहिली आणि चार दिवसांत तिच्या अंकांची उलटापालट थांबली. सासऱ्यांना ते मुळीच पटेना. "वीस तीन म्हणालीस तर मोंढ्यात तुला कुणी उभं करणार नाही," म्हणाले. मग तडजोड झाली. लिहिताना मनात 'वीस तीन', तोंडानं 'तेवीस'. त्यांना निमकी, सवायकी, दीडकी (अर्ध्याचे, सव्वाचे, दीडाचे जुने पाढे) सगळी पाठ आहे, संध्याकाळी ते म्हणतात आणि मुलगा मागून म्हणतो. वाचताना अडखळणारा तो, पाढ्यात कधी अडखळत नाही.

मोंढ्याचं निघालं म्हणून सांगते. गेल्या हंगामातलं सोयाबीन तिथं विकून यजमान पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, घेऊन आले. ती पट्टी आम्ही ओसरीवर मधोमध ठेवली. माल घरून जाताना धाकट्या लेकीनं कट्टे (पोती) मोजून ठेवले होते : दहा-दहाच्या तीन ओळी आणि वर नऊ, म्हणजे ३९. मुलानं ३९ ला ६० किलोनं गुणलं, २,३४० किलो, म्हणजे २३ क्विंटल ४० किलो. मोठीनं भाव लावला. ४,१५० रुपयांनी ९७,११० रुपये. हमाली-तोलाई वजा करण्याआधीच तिनं विचारलं, "हमीभाव किती हाय?" त्या हंगामाला ४,८९२ रुपये होता. क्विंटलमागं ७४२ कमी. शेकडा किती? सुमारे १५. सगळ्या मालावर १७,३६२ रुपये ८० पैसे. तिनं आकड्याखाली दोन रेघा मारल्या. तिचे वडील शेजारी चहा पीत बसले होते. कपबशी खाली ठेवून "बरोबर हाय तुझं" एवढंच म्हणाले आणि उठून वावरात गेले. शेकडेवारीचा धडा मला त्यानंतर तिला पुन्हा शिकवावा लागला नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलो तेव्हाही असंच झालं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहून ठेवलेल्या एका वर्णनात तेरचं नाव 'तगर' असं येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, आणि तिथला माल गुजरातेतल्या भडोचच्या बंदराला जायचा. वस्तुसंग्रहालयात धाकटा मण्यांच्या पेटीपाशी खिळून राहिला. दुसरीच्या लेकीनं घरी आल्यावर नदीकाठच्या मातीचे मणी वळले, चुलीत भाजले, निम्मे फुटले, उरलेले दोऱ्यात ओवले. मुलानं आणि मोठीनं नकाशावर पट्टी ठेवून पैठण ते तेर सरळ अंतर काढलं. साधारण दीडशे किलोमीटर आलं, म्हणजे दिवसाला पंधरा. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, भरलेली बैलगाडी असली तर तेवढंच होतंय. मोठीनं ते वाक्य आजोबांच्या नावानिशी वहीत उतरवून घेतलं. एकच सहल, चौघांना चार इयत्तांची पुरली. अशा दिवशी वाटतं, लेकरं वेगवेगळ्या वयाची आहेत हेच बरं.

सगळे दिवस असे नसतात. इंग्रजीत मी कमी पडते. सातवीचं व्याकरण शिकवण्याआधी मला स्वतःला दोनदा वाचावं लागतं आणि उच्चार तर मोबाइलवर ऐकूनच करावे लागतात. विज्ञानाचे प्रयोग निम्मे नुसते वाचूनच होतात, भिंग नाही, तराजू भाजीचा. आम्ही पावसाची वही ठेवतो, सरळ बुडाच्या बाटलीला पट्टी चिकटवून. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या रात्री इतका पाऊस झाला की बाटली भरून वाहून गेली. सकाळी मुलानं विचारलं, आता किती लिहू? "मोजता आला नाही, असं लिही," मी सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. दिवसभर तो मोठी बाटली शोधत होता.

आता मोठीच्या प्रश्नाकडं येते.

घरी चार लेकरांना एकटीनं शिकवायचं म्हटलं की सगळ्यात मोठा धोका थोरल्या लेकीला असतो. ती समजूतदार असते, तिला येत असतं, धाकटी तिचं ऐकतात. आईचा हात कामात असला की आपसूक तोंडातून निघतं, "जरा हिचं घे गं." एकदा, दोनदा, मग रोजच. तिचं स्वतःचं शिकणं कधी मागं पडलं ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती पुस्तक घेऊनच बसलेली दिसते. म्हणून मी स्वतःला नियम घालून घेतला होता : तिनं धाकट्यांना शिकवायचं ते दिवसातून एकदा, पाव तास. दुसऱ्याला समजावताना आपलं पक्कं होतं, तेवढ्यापुरतं.

मागच्या ऑक्टोबरात तो नियम मोडला. सोयाबीन काढणीला आलं, वर आभाळ, मजूर मिळेनात. मी पहाटेपासून वावरात. सासूबाईंचे गुडघे धरलेले. सतरा दिवस मोठीनं घर बघितलं, धाकट्याला बघितलं, दुसरीच्या लेकीचं वाचन घेतलं, भावाची वाक्यं तपासली. तक्रार केली नाही. रास झाल्यावर मी तिची वही उघडली तर १७ दिवसांच्या तारखा तिनं टाकल्या होत्या आणि खाली काही नव्हतं. नुसत्या तारखा.

सरांनी फॉर्ममध्ये लिहिलं ते त्या दिवसापुरतं चूक होतं. पण ते कधीच खरं नव्हतं, असं मला लेकीच्या डोळ्यांत बघून म्हणता येईना. म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं, त्या सतरा दिवसांबद्दल माफी मागितली. यंदा काढणीच्या वेळेला सगळ्यांनाच सुट्टी असेल, आणि ते दिवस उन्हाळ्यात भरून काढू, असं आमचं ठरलं आहे.

माझ्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी असतं तर ते सतरा दिवस सात झाले असते. आणि मी निदान शिकलेली आहे, वही तपासते. आपल्या मराठवाड्यात 'घरी शिकते' या दोन शब्दांआड काय काय लपू शकतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चौदा वर्षांच्या पोरीचं लग्न लपू शकतं. दसरा-दिवाळीनंतर आई-बापाच्या कोयत्याबरोबर ऊसतोडीला गेलेली, कोपीत (ऊसतोड मजुरांच्या खोपटात) तान्ह्या भावाला घेऊन बसलेली पोर लपू शकते. माझ्या लेकरांसाठी मी जी सवलत मागेन तिचा आडोसा त्या लेकरांच्या वाईटासाठी कुणी करणार असेल तर मला ती नको. त्यामुळं मला मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. माझी लेकरं मोजा आणि येऊन बघा.

कायद्याचं जेवढं मला समजतं तेवढं लिहिते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं ६ ते १४ वयाच्या लेकरांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्यांना शिकण्याची संधी देणं हे पालकांचंही कर्तव्य ठरवलं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० सांगतं, की लेकराला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. न केल्यास पालकाला दंड त्या कायद्यात नाही, पण घरी शिकवणाऱ्याला त्यात जागाही नाही. दुसरीकडं शासनाचंच राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. तिथं १० वर्षं पूर्ण झालेल्याला पाचवीची आणि १३ वर्षं पूर्ण झालेल्याला आठवीची परीक्षा देता येते. पुढं शाळेत न जाता दहावीला बसायला १७ नंबरचा फॉर्म आहेच. म्हणजे पाचवी, आठवी, दहावी अशी दारं शासनानंच उघडी ठेवली आहेत. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत जायच्या मधल्या वर्षांत लेकरू कुठं असतं? तुमच्या नोंदीत ते हरवलेलं असतं.

तेव्हा पहिली विनंती त्या रकान्याची. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये 'घरी शिकणारे' असा रकाना वाढवावा. तो भरताना पालकाची सही घ्यावी, आणि कोण शिकवतं, काय शिकवतं, कोणती पुस्तकं आहेत हे लिहून घ्यावं. नुसतं नाव टाकून सोडू नये. त्या नावाच्या घरी वर्षातून दोनदा केंद्रप्रमुखांनी किंवा जवळच्या शाळेतल्या शिक्षकांनी यावं. आमच्याकडच्या घरांसाठी एक भेट काढणीच्या हंगामात ठेवा, न सांगता. वह्या बघाव्यात, तारखा बघाव्यात. आणि थोरल्या मुलीला आई-बापापासून बाजूला घेऊन, झाडाखाली बसून, तिचा दिवस कसा जातो ते विचारावं. ती भेट मला अवघड जाईल, पण हवी आहे. एखाद्या घरात शिकणं होत नसेल तर त्या लेकराला शाळेत न्यावं. आमचं घर तसं निघालं तर आमच्याही.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. कलम ४ प्रमाणं लेकराला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं कलम ५ म्हणतं. तरी मुलाला पुन्हा शाळेत घालायचं का, हे बघायला मी एका शाळेत गेले तेव्हा मधल्या दीड वर्षाचा कागद मागितला गेला. तो मी कुठून आणू? दोन भेटींच्या नोंदी असत्या तर त्याच दाखवल्या असत्या. माझी लेकरं कायमची घरी शिकतील असा माझा हट्ट नाही. मुलगा सहावीत किंवा आठवीत शाळेत जाईल, असं मला मनातून वाटतं. त्याचं पोट दुखायचं आता थांबलं आहे. पण तो जाईल तेव्हा दारात त्याला चोरासारखं उभं राहावं लागू नये.

परीक्षेचंही तसंच. पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. गावातल्या शाळेत, गावातल्या पोरांबरोबर, तीच प्रश्नपत्रिका आमच्या लेकरांना सोडवू द्या. गुण निकालपत्रकावर घेऊ नका हवं तर, पण तपासून द्या. माझ्या शिकवण्यात काय राहतंय ते मला त्याशिवाय कळणार नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेच्या लॉगिनमधूनच जातो, तिथंही आमच्यासाठी एखादी वाट ठेवा.

आणि खेळ. लोक मला सारखं विचारतात, लेकरं चारचौघांत मिसळायची कशी? संध्याकाळी वस्तीवरची पोरं आमच्या खळ्यावर असतात, येळवसला (वेळ अमावास्येला) तर अर्धा गाव कोपीपाशी भज्जी-आंबील खायला वावरात असतो, त्याची मला काळजी नाही. पण मुलगा खो-खो फार चांगला खेळतो. शनिवारी शाळेच्या मैदानावर सराव असतो तेव्हा तो कुंपणाबाहेर उभा राहून बघतो. मुख्याध्यापकांना घ्यायची इच्छा आहे, त्यांनी दोनदा घेतलंही. मग कुणीतरी विचारलं, हजेरीपटावर नसलेलं पोर पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची? त्यांनी मला बोलावून सांगितलं तेव्हा त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. एका पत्रानं हे सुटू शकतं. शनिवारी दोन तास मैदान, ग्रंथालयाचं कपाट आणि विज्ञानाची पेटी. दुपारच्या जेवणात वाटा आम्ही मागत नाही.

मी हे आठही जिल्ह्यांना लिहिते आहे, कारण अशी मी एकटी नसेन. कुणाचं लेकरू आजारी असेल, कुणाचं वेगळ्या चालीनं शिकणारं असेल, कुणाची वस्ती ओढ्यापलीकडं असेल. त्यांच्या घरी सर येतील तेव्हा त्यांचाही पेन कारणाच्या रकान्यापाशी थांबेल.

आपल्यापैकी कुणी प्रत्यक्ष येणार असाल तर गुरुवार सोडून या, गुरुवारी आमचा बाजार असतो. सकाळी सात ते दहा चौघंही ओसरीवर असतात. ओढ्याला पाणी असलं तर अलीकडच्या लिंबापाशी थांबून हाक मारा, यजमान ट्रॅक्टर घेऊन येतील. फॉर्म बरोबर आणा. मोठीला तो पुन्हा बघायचा आहे.

आपली विनीत,
चार लेकरांची आई
तेरणाकाठ, मराठवाडा